जुने संगणक, जुने दप्तर आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात शंका आली असेल की, धम्म आणि समाजकार्य यांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेच्या व्यासपीठावर संगणकाच्या कार्यप्रणालीची चर्चा कशासाठी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर या भाषणातून द्यावे, एवढाच आमचा प्रयत्न आहे.

१४ ऑक्टोबर ही तारीख आपणांस कोणी सांगावी लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. योगायोग असा की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज दहा या कार्यप्रणालीचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. या दोन घटनांची तुलना होऊ शकत नाही आणि ती करण्याचा आमचा हेतूही नाही. पण दुसरी तारीख लक्षात ठेवायला पहिलीची मदत होईल. कारण अभ्यासिकांतील, लहान कार्यालयांतील, झेरॉक्सच्या दुकानांतील आणि घराघरांतील कितीतरी संगणक याच कार्यप्रणालीवर चालत आले आहेत.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले? पुष्कळांचा समज असा की, त्या दिवसापासून संगणक बंद पडतो. तसे काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही बटण दाबले की तो सुरू होतो. पत्र टाईप होते, प्रिंट निघते. म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो.

आपल्या भागातील एक उदाहरण घेऊ. पावसाळा जवळ आला की आपल्या महानगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. यादीत नाव लागलेली इमारत त्या दिवशी पडत नाही. तिच्यात दिवे लागतात, चूल पेटते, मुले शाळेत जातात. फक्त तिच्या भिंतीत नवी भेग पडली तर ती बुजवणारा कोणी नसतो. रहिवासी मूर्ख असतात म्हणून तेथे राहत नाहीत, दुसरीकडे जायला पैसा नसतो म्हणून राहतात. जुन्या कार्यप्रणालीवर काम करणाऱ्यांची स्थिती हीच आहे. म्हणून त्यांना हसण्याऐवजी त्यांच्यासाठी मार्ग शोधला पाहिजे.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावली यांच्यामधील व्यवस्थापक. ती कोट्यवधी ओळींची असते आणि माणसांनी लिहिलेली असते. माणसाच्या कामात उणिवा राहणारच. त्या उणिवांतून चोराला आत शिरता येते. कंपनी अशा उणिवा शोधून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवर ठिगळ पाठवते. सपोर्ट संपला म्हणजे हे ठिगळ येणे थांबले. त्यात आणखी एक धोका आहे. नव्या कार्यप्रणालीचा बराच भाग जुनीवरूनच बेतलेला असतो. त्यामुळे नवीला पाठवलेले ठिगळ पाहून जाणकार चोराला कळते की, जुनीत भोक कोठे असावे. जुनीचे भोक मात्र उघडेच राहते.

हे पहिल्यांदा घडत नाही. विंडोज ९८ चा सपोर्ट ११ जुलै २००६ रोजी संपला. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केलेल्या आपल्यातील अनेकांनी माऊस हातात धरला तो एक्सपीवरच. आपल्या पैशांची एटीएम यंत्रेही सपोर्ट संपल्यावर वर्षानुवर्षे एक्सपीवर चालत होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना मुदत घालून दिली की, सर्व एटीएम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सपोर्ट चालू असलेल्या कार्यप्रणालीवर आणावीत. बँकांनाही मुदत घालून द्यावी लागली, मग तुमच्या-आमच्या कार्यालयाकडून दिरंगाई झाली तर नवल ते काय?

दुर्लक्षाचे परिणाम मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू पसरला. त्याने फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी पैसे मागितले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले, रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सर्वसाधारण समज असा की एक्सपीवाले बुडाले. पण बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज सातचे होते, आणि विंडोज सातचा सपोर्ट तेव्हा चालू होता. ठिगळ १४ मार्च २०१७ रोजीच आले होते, ते अनेकांनी लावलेच नव्हते. म्हणजे औषध मिळणे ही एक गोष्ट आणि ते वेळेवर घेणे ही दुसरी. तथागतांनी अप्रमादाला म्हणजे सदैव जागरूक राहण्याला एवढे महत्त्व का दिले, हे अशा लहान व्यवहारातही कळून येते.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला. त्याचा उगम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या आज्ञावलीत होता. तेथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या खाडीपलीकडील न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरात, त्याच उद्योगसमूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कोठे युक्रेन आणि कोठे उरण! सर्व काही परस्परांवर अवलंबून आहे, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. संगणकाच्या जाळ्यात तो डोळ्यांनी पाहता येतो.

सुरक्षितता गेली ही झाली पहिली हानी. दुसरी हानी हळूहळू होते. ती म्हणजे संपर्क तुटत जातो. कार्यप्रणाली जुनी झाली की काही काळाने इतर कंपन्याही तिच्याकडे पाठ फिरवतात. क्रोम या ब्राउझरने २०१६ साली एक्सपीची आणि २०२३ साली विंडोज सातची साथ सोडली. ब्राउझर जुना राहिला की बँकेचे, परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडेनासे होते, किंवा उघडते पण अर्ज पुढे जात नाही. याच्या उलट प्रकारही आपण अनुभवला आहे. कित्येक सरकारी संकेतस्थळे एके काळी केवळ इंटरनेट एक्सप्लोररवरच नीट चालत. तो ब्राउझरच १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

याची झळ कोणाला बसते? ज्याच्या घरी नवा लॅपटॉप आहे त्याला नाही. सीईटीचा, शिष्यवृत्तीचा किंवा जात पडताळणीचा अर्ज भरायला जो विद्यार्थी अभ्यासिकेतल्या दान मिळालेल्या संगणकावर बसतो, त्याला बसते. शेवटच्या तारखेला संध्याकाळी पान उघडले नाही म्हणून त्याचे वर्ष वाया जाऊ शकते. जुन्या, ठिगळ न लावलेल्या यंत्रावर त्याने आधार क्रमांक, बँक खाते आणि पासवर्ड टाकला, तर त्याची चोरी होण्याची भीती आहे. शिक्षणाचा हक्क आता पुष्कळ अंशी या पडद्यातून जातो. म्हणून हा प्रश्न आम्ही सामाजिक मानतो.

तिसरी हानी सर्वांत मोठी आहे. तिची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. ती हानी म्हणजे आपलेच लिखाण आपल्याला वाचता न येणे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याचा अंक आज शंभर वर्षांनंतरही, कागद शाबूत असेल तर, मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही वाचता येतो. त्यासाठी कोणती आज्ञावली लागत नाही. आता १९९८ च्या सुमारास संगणकावर जुळवलेली एखादी स्मरणिका घ्या. तिची फाईल फ्लॉपीवर किंवा सीडीवर असेल. फ्लॉपी वाचणारे यंत्र सहसा मिळत नाही. मिळाले तर फाईल पेजमेकरची निघते. त्या आज्ञावलीची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, आणि तिच्या फायली इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांना थेट उघडता येत नाहीत. तीही उघडली तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. त्या काळी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा आज्ञावलींनी मराठी छपाईची मोठी सेवा केली. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवत. कोणत्या घरात कोणते अक्षर, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर संगणकाला केवळ रोमन घरे दिसतात. शिवाय अशा आज्ञावलींना पुष्कळदा संगणकाच्या मागे लावायची एक किल्ली लागे. ती किल्ली हरवली किंवा नव्या यंत्राने ओळखली नाही की सारे ठप्प. त्यात विंडोज अकरा केवळ ६४ बिटची आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटच्या जुन्या आज्ञावली चालतच नाहीत. म्हणून कितीतरी छापखान्यांत एक म्हातारा संगणक केवळ जुन्या फायली उघडण्यासाठी जपून ठेवलेला असतो. तो गेला की दप्तर मुके झाले.

युनिकोडमध्ये हे दुखणे नाही. तेथे देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली तेव्हापासून तिच्यात देवनागरी आहे, आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये वापरता येऊ लागली. पण आपले जुने दप्तर आपोआप युनिकोडमध्ये आले नाही. ते आणावे लागते.

आपल्याच प्रदेशाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. सोपारा हे प्राचीन बंदर पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कोरलेले आहेत. आपल्या कल्याणचे नाव जवळपास दोन हजार वर्षे त्या दगडात आहे! दगड टिकला, अक्षरेही टिकली, परंतु मधल्या शतकांत लिपी बदलत गेली आणि ब्राह्मी वाचणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीला नेले, तेव्हा त्यांवर काय लिहिले आहे हे सांगणारा कोणी भेटला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा ते लेख पुन्हा बोलू लागले. धम्मराजाचा संदेश डोळ्यांसमोर असूनही शतकानुशतके वाचला गेला नाही. विंडोज ९८ च्या काळातील फायलींचे आपण तेच होऊ देणार काय? आणि दगड तरी थांबला, हार्ड डिस्क तेवढी थांबणार नाही.

आपल्या समाजाचा इतिहास लिहिण्याची साधने मुळात थोडी आहेत. जुन्या सभासदांच्या याद्या, वर्गणीच्या वह्या, जयंतीच्या पत्रिका, विहारबांधणीचे हिशेब, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींची नावे हीच ती साधने होत. इतरांची नोंद दुसरे कोणी ठेवते, आपली नोंद आपल्यालाच ठेवावी लागते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रकाशित केली, ती शक्य झाली कारण कोणीतरी ते कागद सांभाळले होते.

आता कंपनी असे का करते, हेही न्यायाने पाहू. जुन्या आज्ञावलीची देखभाल कायम करत राहणे खर्चाचे असते, आणि नव्या यंत्रातील सुरक्षेच्या सोयी जुन्या रचनेत बसत नाहीत, हे खरे आहे. दहा वर्षांची मुदतही पूर्वसूचना देऊनच ठरलेली होती. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज अकरासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. म्हणजे २०१६ साली कर्ज काढून घेतलेला संगणक ठणठणीत असला तरी तो अपात्र ठरतो. नियम सर्वांना एकच, पण त्याचा भार सर्वांवर सारखा नाही. नवे घेणाऱ्याला तो जाणवत नाही, दुसऱ्या हाताचे घेणाऱ्याला जाणवतो.

मग आपण करावे काय? घाबरून नवे संगणक विकत घेऊ नयेत आणि काही झालेच नाही असे समजून स्वस्थही बसू नये. मध्यम मार्ग धरावा.

प्रथम मोजदाद करावी. प्रत्येक अभ्यासिकेने वहीत लिहावे की संगणक किती, कोणत्या सालचे, कार्यप्रणाली कोणती. त्यातील जे विंडोज अकराला पात्र असतील ते विनामूल्य वर नेता येतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ते तपासावे.

जे अपात्र आहेत त्यांना थोडा अवधी मिळू शकतो. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या मूळ वाढीव योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. संस्थांसाठी व शाळांसाठी वेगळे दर ठरवले होते. पण ही सवलत म्हणजे बदलाची तयारी करण्याचा वेळ आहे, हे विसरू नये.

तिसरा मार्ग लिनक्सचा. उबंटू, लिनक्स मिंट यांसारख्या कार्यप्रणाली विनामूल्य आहेत आणि अनेक जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. सोबत लिबरऑफिस घेतले की पत्रे, तक्ते, मराठी टंकलेखन सर्व होते. अडचणीही सांगितल्या पाहिजेत. एखादा प्रिंटर किंवा अंगठ्याचे यंत्र चालत नाही, टॅली थेट चालत नाही आणि सवय व्हायला महिना जातो. म्हणून आधी एका संगणकावर करून पाहावे. आणि लिनक्सच्या आवृत्त्यांचाही सपोर्ट ठराविक वर्षांनी संपतो. सर्व संस्कार अनित्य आहेत, त्याला कोणतीही कार्यप्रणाली अपवाद नाही. फरक इतकाच की तेथे पुढच्या आवृत्तीसाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

जो संगणक केवळ जुन्या फायली उघडण्यासाठी हवा आहे, त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी. त्यावर बँकेचे व्यवहार किंवा विद्यार्थ्यांचे अर्ज मुळीच करू नयेत. अज्ञात पेनड्राईव्हही लावू नये.

दप्तराचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण जुने यंत्र कधी दगा देईल याचा नेम नाही. फाईल उघडत आहे तोवरच तिची पीडीएफ काढावी, एक छापील प्रत काढावी आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार आणि जोडाक्षरेही घसरतात. माणसांची नावे चुकली तर इतिहास चुकला. म्हणून एकाने मूळ प्रत वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. हे काम विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांसोबत बसून केले तर नावांबरोबर त्या माणसांची हकीकतही कळेल. तयार झालेल्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक संस्थेच्या इमारतीबाहेर असावी. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणकर विसरलेले नाहीत.

सावधगिरीचा एक शब्द. तुमची विंडोज संपली आहे, आम्ही दुरुस्त करून देतो, असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कंपनी असे फोन करत नाही. अधिकारी असल्याचे भासवून फोनवरून लुबाडणे हा मोठा धंदा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकेतील लोकांना कर खात्याच्या नावाने धमकावले जात असल्याचे उघड झाले. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आणि जो संगणक खरोखरच निकामी झाला तो भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. त्यात शिसे व इतर विषारी द्रव्ये असतात, आणि ते उघड्यावर जाळून तांबे काढणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच गरीब असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे. देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून सभासदांची माहिती पुसावी.

मित्रहो, यातील कोणतेही काम एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे नाही, पण एका माणसावर टाकले तर ते होणारही नाही. संगणक जाणणारी मुले आज आपल्या घराघरांत आहेत. पूर्वी गावात शिकलेला एकच असे आणि तो सर्वांची पत्रे वाचून दाखवी. त्याच भावनेने या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार अभ्यासिकेला द्यावा. ज्येष्ठांनी आपल्या कपाटातील फ्लॉप्या, सीड्या आणि जुन्या स्मरणिका घेऊन यावे. संस्थेने अंदाजपत्रकात संगणकाच्या देखभालीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी, जशी इमारतीच्या डागडुजीसाठी ठेवतो तशी. पुढच्या सपोर्टची शेवटची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर आजच लिहून ठेवावी.